तंटा परत मागणारी बाई

मी आजवर चार नोकऱ्या केल्या. त्यातली सगळ्यात बिनकामाची नोकरी म्हणजे लोकांना कायद्याबद्दल काय वाटतं ते विचारत फिरण्याची. दोन हजार दहाचा उन्हाळा होता. मी चोवीस वर्षांची, राज्यशास्त्रात बी.ए., गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावला घरी बसून डी.एड.ला नंबर लागण्याची वाट पाहत होते आणि वाट पाहता पाहता घरातल्या प्रत्येकाशी भांडून झालं होतं. तेवढ्यात नागपूरच्या एका संस्थेला आमच्या जिल्ह्यासाठी मुलाखतकार हवे होते. राज्यभरातल्या लोकांचं पोलीस, कोर्ट आणि एकूणच कायद्याच्या राज्याबद्दल काय मत आहे याचा मोठा अहवाल निघणार होता. वडिलांना हे ऐकून भरून आलं. आमच्या घरी बुद्धमूर्तीशेजारी घटनेची उद्देशिका फ्रेम करून लावलेली आहे, तिच्याकडे पाहत ते म्हणाले की लोकांना विचारतात म्हणजे लोकशाही जिवंत आहे. आई तांदूळ निवडत होती. तिनं फक्त विचारलं की विचारून पुढे काय करतात. मी तेव्हा वडिलांच्या बाजूची होते, म्हणून तिला उत्तर दिलं नाही.

नागपूरला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. शिकवायला पुण्याहून एक सर आले होते, शर्ट इन केलेला, बोलणं पुस्तकातलं. त्यांच्या प्रश्नावलीत बेचाळीस प्रश्न होते आणि पहिलाच असा होता: आपल्या परिसरातील विवादांचे निराकरण न्याय्य पद्धतीने होते, या विधानाशी आपण कितपत सहमत आहात? मी हात वर करून विचारलं की हे माझ्या आत्याला कसं विचारायचं. सर म्हणाले, जसंच्या तसं, काना-मात्रा न बदलता, नाहीतर उत्तरं एकमेकांशी जुळवता येत नाहीत. त्यामुळे पुढचे तीन आठवडे मी ते वाक्य आधी जसंच्या तसं वाचायची, समोरचा माणूस माझ्याकडे ताप आलेल्या पोरीकडे पाहावं तसं पाहायचा, आणि मग मी सांगायची, म्हणजे भांडण झालं तं न्याय भेटते का? उत्तर या दुसऱ्या प्रश्नाचं यायचं आणि लिहिलं पहिल्यापुढे जायचं.

उत्तरासाठी एक कार्ड होतं. एक म्हणजे पूर्ण सहमत, पाच म्हणजे अजिबात नाही. घरं कशी निवडायची तेही ठरलेलं. गावातल्या शाळेपासून निघायचं, उजवा हात धरून चालायचं, दर चौथं घर घ्यायचं. घर बंद असेल तर तीन वेळा परत जायचं, त्याशिवाय ते सोडायचं नाही. आणि घरातल्या मोठ्या माणसांपैकी ज्याचा वाढदिवस सगळ्यात जवळ आला असेल त्याचीच मुलाखत घ्यायची, तीही एकट्याची. हा वाढदिवसाचा नियम ज्यानं काढला त्याला आमच्याकडे एकदा आणायला हवं होतं. आमच्या गावांत शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट एक जुलै लिहिलेलं असतं. आजा एक जुलै, बाप एक जुलै, सून एक जुलै. अर्जुनी मोरगाव तालुक्यात मी अशा एका घरात गेले जिथे नऊ माणसांचा वाढदिवस एकाच दिवशी होता आणि त्यातल्या एकानंही तो कधी साजरा केला नव्हता. शेवटी मी ठरवलं की जो कामात नाही त्याला धरायचं.

माझा जोडीदार गोंदिया शहरातला होता. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, त्याची स्वतःची मोटरसायकल, बोलणं सगळं हिंदीत. त्याचं मत असं की फॉर्म झाडाच्या सावलीत बसून जास्त चांगले भरले जातात. "अपने को पता है लोग क्या बोलेंगे, फिर पूछना क्या," असं तो म्हणायचा. पहिल्या आठवड्यात त्यानं चहाच्या टपरीवर बसून तीन फॉर्म मनानंच भरले होते आणि नागपूरच्या सुपरवायझरनं नेमकी त्याच तीन फॉर्मांची तारीफ केली. उत्तरं फार समतोल आहेत म्हणे. तेव्हापासून तो मला शिकवू लागला होता. मी त्याला कामचुकार म्हणायची, तो मला इन्स्पेक्टर म्हणायचा, आणि पेट्रोल तोच भरत असल्यामुळे वाद तिथेच थांबायचा.

मे महिन्याच्या मध्यात आम्ही अर्जुनी तालुक्यातल्याच प्रतापगडच्या अलीकडच्या एका गावात पोचलो. नाव सांगत नाही, कारण तिथे मला अजून जावं लागतं. रस्त्याच्या कडेच्या दगडांना ताजा चुना मारलेला होता. ग्रामपंचायतीपुढे रांगोळी काढली होती. आम्ही गाडीवरून उतरतो न उतरतो तोच एक पन्नाशीचे गृहस्थ पुढे आले, आम्हा दोघांना नारळ दिला, जोडीदाराच्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि लिंबाचं सरबत मागवलं. तोवर आम्हाला गावोगाव कुणी मीटर तपासणारे समजलं होतं, कुणी पोलिओवाले, आणि एका गावात तर बचत गटाला बुडवून पळालेल्या बाईची बहीण म्हणून मला घेरलं होतं. हार कुणी घातला नव्हता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण ऊन बेचाळीसच्या वर होतं आणि सरबत थंड होतं.

पहिल्या घरी एक म्हातारबाबा भेटले. मी प्रश्न वाचायला सुरुवात केली तर ते मध्येच म्हणाले, "पयला नंबर." मी म्हटलं, बाबा, प्रश्न तर संपू द्या. ते म्हणाले, संपव बाई, पण पयला नंबर. दुसऱ्या घरी सून होती, तिनं तर मी पिशवीतून कागद काढायच्या आधीच उत्तर दिलं. पोलिसांवर विश्वास? पहिला नंबर. कोर्टात वेळेत न्याय मिळतो? पहिला नंबर. गरीब आणि श्रीमंताला कायदा सारखाच? पहिला नंबर. पुण्याच्या सरांनी एकोणतिसाव्या ठिकाणी एक खोडसाळ प्रश्न घालून ठेवला होता, लोक ऐकून उत्तर देतात की नाही ते तपासायला: पोलीस ठाण्यात जायची आपल्याला भीती वाटते, याच्याशी कितपत सहमत? पहिला नंबर. म्हणजे दुपारपर्यंत निष्कर्ष असा निघत होता की या गावाचा पोलिसांवर पूर्ण विश्वास आहे आणि त्यांची पूर्ण भीतीही आहे. खरं सांगायचं तर त्या अख्ख्या कामात याहून अचूक काही मला सापडलं नाही.

पाचव्या घरात मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं की हे पहिला नंबरचं काय चाललं आहे. तिथली बाई भोळी होती. तिनं सांगितलं की काल अध्यक्षांनी माईकवर सांगितलं, गोंदियावरून कमेटी येऊन राहिली, कोणी काई इचारलं तं पयला नंबर सांगजा. अध्यक्ष म्हणजे सकाळी हार घालणारे तेच गृहस्थ, गावाच्या तंटामुक्त समितीचे अध्यक्ष. तेव्हा सरकारची ती मोहीम जोरात होती. गावातली भांडणं गावातच समितीनं मिटवायची, पोलिसांपर्यंत जाऊ द्यायची नाहीत, आणि गाव तंटामुक्त ठरलं की बक्षीस, सत्कार, वेशीवर पाटी. कल्पना वाईट नव्हती. कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा झाडाखाली बसून मिटलेलं बरंच. त्या आठवड्यात या गावाची तपासणी व्हायची होती. तपासणीवाले यायच्या आधी कागद, पिशवी आणि गंभीर चेहरा घेऊन आम्ही पोचलो.

मी अध्यक्षांना जाऊन सांगितलं की आम्ही ते नाही, आमचा तंटामुक्तीशी काही संबंध नाही. ते गालात हसले. म्हणाले, माहित हाय म्याडम, तुमाले सांगता येत नाई. ओळखपत्र दाखवलं तर ते आणखीच खुश झाले, कारण त्यांच्या मते खरी कमिटी अशीच गुपचूप येते. जितकं नाकारावं तितकी त्यांची खात्री पटत होती. जोडीदार म्हणाला, छोड ना, खाना तो अच्छा मिलेगा. आणि मिळालंही. वांग्याची भाजी आणि वर शिरा होता.

उजवा हात धरून चालता चालता अकरावं घर आलं ते टोल्याच्या, म्हणजे वस्तीच्या, टोकाला, जंगलाला लागून. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेलं लख्ख अंगण. दाराला कुलूप. अध्यक्ष बरोबरच होते, ते लगेच म्हणाले, हे सोडा, ही बाई तेंदूपत्त्याले जाते, सापडत नाई, बाजूचं घर घ्या. इतक्या घाईनं त्यांनी ते सांगितलं की माझं डोकं फिरलं. तोपर्यंत मला त्या घराशी काही देणंघेणं नव्हतं. पण नियम तीन फेऱ्यांचा होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो नियम मला आवडला. दुसऱ्या फेरीलाही कुलूप. तिसऱ्या दिवशी दुपारी चारला गेले तर ती अंगणात बसून बिडीच्या पानांचे पुडे बांधत होती.

पंचावन्न-साठची असेल. काटक, कपाळावर हिरवं गोंदण, बोटं पानांच्या चिकानं काळी झालेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा कामासाठी हैदराबादकडे. घरात एकटीच, म्हणजे वाढदिवसाचीही भानगड नव्हती. मी बसले आणि मागोमाग अध्यक्ष येऊन बाजेवर टेकले. मी सांगितलं की मुलाखत एकट्यानं घ्यायची असते. ते म्हणाले, आमचं गाव म्हणजे एक परिवार. आणि पाय वर घेऊन बसले.

इथे माझ्या जोडीदारानं जे केलं त्यासाठी मी त्याचे टपरीवरचे तिन्ही फॉर्म माफ केले. तो अदबीनं म्हणाला, "अध्यक्ष साहब, आपका तो अलग फॉर्म है, स्पेशल. पंचायत में बैठना पड़ेगा." अध्यक्ष उठून जॅकेट नीट करत त्याच्यामागे गेले. असा कुठलाही फॉर्म अस्तित्वात नव्हता. त्यानं कोऱ्या कागदावर तासभर मनानं प्रश्न काढले: गावात विहिरी किती, कुत्री किती, अध्यक्षांना लहानपणी काय व्हायचं होतं, देशाचे गृहमंत्री झाले तर पहिलं काय करतील. त्यानं मला नंतर सांगितलं की गृहमंत्र्याच्या प्रश्नाला वीस मिनिटं लागली.

इकडे मी वाचत होते आणि ती पहिला नंबर सांगत होती. बेचाळीसच्या बेचाळीस. एकदाही हात थांबला नाही, पुडे बांधणं चालूच. मला रागच आला. तीन फेऱ्या मारल्या त्या याच्यासाठी? शेवटी फॉर्मवर दीड ओळ मोकळी असते, आणखी काही सांगायचं आहे का म्हणून. मी तेही कंटाळून विचारलं. तिनं पुडा खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं.

"माहा तंटा त्या थैलीत हाय का पाय ना बाई. असंल तं मले वापस दे."

मला काही कळलं नाही. मग तिनं सगळं सांगितलं, सावकाश, एखाद्या मंद पोरीला सांगावं तसं. गावाबाहेर तिची दोन तुकड्यांची धानाची जमीन आणि वरच्या अंगाला एक बोडी, म्हणजे पावसाचं पाणी अडवणारं शेतातलं लहान तळं. त्या पाण्यावर तिचे पऱ्हे होत, धानाची रोपं. मागच्या वर्षी काढणीनंतर शेजारच्या शेतवाल्यानं ट्रॅक्टर लावून बोडीची पाळ फोडली, माती आपल्या शेतात पसरली आणि तेवढी जागा आत घेतली. ती ठाण्यात जायला निघाली तेव्हा समितीनं तिला वाटेतून परत आणलं. बैठक भरली. शेजाऱ्यानं हात जोडले, तिला साडी आणि नारळ दिला, दोघांचा फोटो काढला, एका कागदावर तिचा अंगठा घेतला आणि टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी जाहीर केलं की तंटा मिटला आणि कागद वर पाठवला. साडी चांगली होती म्हणे. पण पाळ फुटलेली ती फुटलेलीच.

पावसाला तीन-चार आठवडे उरले होते. पाळ तोवर बांधली नाही तर पाणी थांबणार नाही, पाणी नाही तर पऱ्हे नाहीत, आणि एक पावसाळा शेजाऱ्यानं ती जागा कसायला घेतली की पुढे कोण म्हणणार की इथे बोडी होती. ती अध्यक्षांकडे चार वेळा जाऊन आली होती. दर वेळी ते म्हणत, तुहा तंटा तं मिटला बाई, आता काऊन उकरून राहिली. तिनं मग सरळ हिशेब मांडला. तंटा मिटवून कागद वर नेला असेल तर तो वर कुणाकडे तरी असणार. वरची कमिटी येणार आहे. तिला खुश करायचं आणि आपला तंटा परत मागायचा. तो हातात आला की पुन्हा भांडता येईल.

"मी सारे पयले नंबर सांगतले ना? एकबी चुकला नाई," ती म्हणाली. "मंग दे."

मी तिला सांगितलं की आम्ही कमिटी नाही. आमच्याकडे तिचा कागद नाही. आम्ही फक्त लोकांना काय वाटतं ते लिहून नेतो, त्यात तिचं नावसुद्धा येणार नाही, आणि हे वाचून कुणी पाळ बांधायला येणार नाही. एवढं सगळं खरं मी त्या तीन आठवड्यांत कुणालाच सांगितलं नव्हतं. तिनं ऐकून घेतलं. रागावली नाही, रडली नाही.

"मंग कायले आल्या तुमी?"

मला इतकी लाज वाटली की कान गरम झाले. मग राग आला, अध्यक्षांचा, पुण्याच्या सरांचा, आणि सगळ्यात जास्त माझा. वडिलांनी लहानपणापासून कलमं पाठ करून घेतली होती आणि मी ती डोक्यात ठेवून लोकांना नंबर विचारत फिरत होते. मी एक कोरा फॉर्म काढला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर तहसीलदारांच्या नावानं अर्ज लिहायला घेतला. पाण्याचा अडथळा, पाळ पूर्ववत करून मिळावी, पावसाच्या आत. लिहून झाल्यावर तिनं तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, मग शेजारच्या पोरीला बोलावून तिच्याकडून तिसऱ्यांदा वाचून घेतला, आणि तेव्हा कुठे अंगठा लावला. माझ्यावर तिचा विश्वास कितपत होता ते त्यावरून मला कळलं, आणि त्यासाठी मला कार्ड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एका मोटरसायकलवर अर्जुनीला गेलो. जोडीदार वाटभर म्हणत होता, ये अपना काम नहीं है, और गाडी धीरे चलाने का पैसा कोई नहीं देता. पण तहसील कचेरीत बाबू म्हणाला की साहेब नाहीत, उद्या या, तेव्हा हाच पठ्ठ्या टेबलावर हात टेकवून त्याच्या शहरी हिंदीत असं काही बोलला की बाबूनं शिक्का काढला. तिच्या हातात पोच आली. तिनं ती घडी घालून साडीच्या ओच्यात खोचली. बाहेर चहा पिताना मी तिची मुलाखत पुन्हा घेतली, पहिल्यापासून. या वेळी ती प्रत्येक प्रश्नावर थांबली. कुठे चार सांगितले, कुठे पाच, पोलिसांच्या प्रश्नाला तीन, कारण ठाण्यात ती कधी पोचलीच नव्हती तर नावं कशी ठेवायची. भांडण झालं तर सरकारी कचेरीत जाल का याला तिनं एक सांगितला आणि पोच चाचपली.

फॉर्म नागपूरला गेले. आठवड्यानं सुपरवायझरचा फोन आला. त्या गावचे पंधरापैकी चौदा फॉर्म अगदी एकसारखे आहेत आणि एक वेगळाच आहे, तेव्हा तो एक घरी बसून भरलेला दिसतो, म्हणून रद्द केला. मी फोनवर त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नोकरी संपली. अहवालात आमचा तालुका बहुधा महाराष्ट्रातला सगळ्यात सुखी तालुका निघाला असेल, मी तो कधी पाहिला नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तहसीलला तारीख लागली. आता मला दुसरं काम नव्हतं, म्हणून मीही गेले. शेजारी आणि अध्यक्ष समितीचा कागद घेऊन आले होते. प्रकरण गावातच मिटलेलं आहे साहेब, हा तिचा अंगठा. तहसीलदारांनी तिला विचारलं की अंगठा तुमचाच का. ती म्हणाली, माहाच हाय, पण आत काय लिवलं ते मले कोनं वाचून नाई दाखवलं. तहसीलदारांनी बाबूकडून कागद मोठ्यानं वाचून घेतला. त्यात लिहिलं होतं की उभयतांमध्ये कोणताही वाद उरलेला नसून बोडीची पाळ पूर्ववत करून देण्यात आलेली आहे. तिला ती भाषा नीट कळली नव्हती, तिनं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की पाळ बांधून दिली असं लिहिलं आहे.

"बांधली का?" ती शेजाऱ्याकडे वळून म्हणाली. "मंग चला ना साहेब, पायाले."

साहेब गेले नाहीत, पण दुसऱ्याच दिवशी पाहणीला तलाठी पाठवला. तलाठ्याची गाडी बांधावर दिसताच शेजाऱ्यानं मनाशी काय ते ठरवलं. चार दिवसांत ज्या ट्रॅक्टरनं पाळ फोडली त्याच ट्रॅक्टरनं ती घातली गेली, वर ती स्वतः उभी राहून माती चोपून घेत होती म्हणे. पाऊस त्यानंतर नऊ दिवसांनी आला. त्या वर्षी तिचे पऱ्हे झाले.

गाव मात्र तंटामुक्त झालं नाही. तहसीलला एक प्रकरण नोंदलेलं निघालं, शिवाय तिचं पाहून आणखी तिघांनी आपापले मिटवलेले तंटे अर्ज करून बाहेर काढले. वेशीवरच्या पाटीचा रंग आधीच देऊन झाला होता, ती पंचायतीच्या मागे उलटी टेकवून ठेवली गेली. मला हे ऐकून हसू आलं. त्याची किंमत कुणी भरली ते मला दिवाळीनंतर कळलं.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला, त्या दिवशी घरोघरी पाहुणे, लेकी-जावई, मटणाचे हंडे, आणि सगळं गाव एकमेकांच्या घरी जेवून येतं. तिनं निरोप पाठवला होता म्हणून मी गेले. चौकात खेळणी, जिलेबी, पाळणा, पाय ठेवायला जागा नाही. टोल्याच्या टोकाला तिच्या अंगणात मात्र एकही चप्पल नव्हती. तिनं मोठं पातेलं भरून भात केला होता, बोडीतल्या मासोळ्यांचा रस्सा केला होता, दहा-बारा पत्रावळी लावून ठेवल्या होत्या. उन्हाळ्यापासून कुणी तिला लग्नाला बोलावलं नव्हतं, नळावर बायका बोलत नव्हत्या. तुह्यापायी बक्षीस गेलं, असं अध्यक्षांच्या घरून सगळीकडे सांगून झालं होतं. तरी तिनं मंडईचा स्वयंपाक केला होता. तिनं मला वाढलं. अर्ज मी लिहिला होता आणि जेवून मी गोरेगावला निघून जाणार होते.

मी तिला म्हटलं की मावशी, चुकलंच माझं. ती म्हणाली, गुमान जेव.

तेवढ्यात अंगणात कुणी खाकरलं. चपला निघाल्या. तारखेला पाहिला होता म्हणून मी त्याला ओळखलं. पाळ फोडणारा शेजारी, मागे बायको आणि लहान मुलगी. तो पत्रावळीपुढे येऊन बसला आणि तिनं भात वाढला. मला राहवलं नाही. सगळ्या गावानं टाकलेल्या घरी तुम्ही कसे काय, असं मी विचारलं. त्यानं मासोळीचा काटा काढून बाजूला ठेवला.

"माहा न् तिचा तंटा होता," तो म्हणाला. "तो मिटला. गावाचा तिच्यासंग काय हाय ते मले नाई माहित."

मग म्हणाला, मीठ जरा जास्त झालं. ती म्हणाली, मंग खाऊ नोको. त्यानं पत्रावळ पुढे केली, आणखी भात मागितला, आणि तिनं वाढला.